इमॅटिनिबची गोळी, गजकर्णाची कॅप्सूल आणि परसातलं पपनस

डोंबिवलीहून एका मुलीने वडिलांसाठी प्रश्न विचारला आहे. वडील देवगडजवळच्या गावात असतात, वय ६२. मुंबईत परळच्या रुग्णालयात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं आणि इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू झाली, त्याला चार महिने झाले. पांढऱ्या पेशी जाग्यावर आल्या तसे बाबा म्हणायला लागले, ‘माका आता काय एक होणा नाय, मगे गोळी कित्याक?’ आणि मधूनमधून गोळी चुकवतात. सकाळी डोळे सुजतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. शेजारी गुळवेलीचा काढा देतात. जांघेत गजकर्ण झालं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्यात. बीपी आणि कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून आहेच. गणपती तोंडावर आलेत, उपासतापास आहेत, परसात पपनसं लागलीत. यातलं काय चालेल आणि काय नाही?

मी बरीच वर्षं कॅन्सरच्या औषधांच्या खिडकीमागे उभा राहिलेला फार्मासिस्ट आहे. आता रत्नागिरीत असतो.

आधी गजकर्णाची कॅप्सूल. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल. पाकिटावर ‘इट्राकोनॅझोल’ लिहिलंय का, ते आजच फोन करून बघायला सांगा. असेल तर पुढची कॅप्सूल घेण्याआधी परळच्या ओपीडीला कळवा. इमॅटिनिब शरीरात मोडतं ते मुख्यतः यकृतातल्या सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइममुळे, आणि इट्राकोनॅझोल नेमकं तेच एन्झाइम दाबतं. त्याचंच भावंड असलेलं किटोकोनॅझोल इमॅटिनिबबरोबर दिलं तेव्हा रक्तातलं इमॅटिनिब सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे गोळी एकच, पण अंगात जास्त साचते. सूज, मळमळ, पेशी उतरणं हे सगळं त्या प्रमाणात वाढू शकतं. तुम्ही डोळ्यांच्या सुजेबद्दल लिहिलंय, ती कॅप्सूल सुरू व्हायच्या आधीपासून आहे की नंतर वाढली, हेही विचारा.

यात गावातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने कपडे धड वाळत नाहीत, ओल्या चड्डीवर माणसं दिवसभर शेतात असतात, गजकर्ण आणि नायटा घरोघरी. इट्राकोनॅझोल ही त्यावरची नेहमीची कॅप्सूल. पण बाबांनी ‘मी कॅन्सरची गोळी घेतो’ असं सांगितलं होतं का? बहुतेक नाहीच. आपल्याकडे कॅन्सर हा शब्द गावात उच्चारायची लाज वाटते आणि त्या लाजेपायी औषधांची टक्कर होते. जांघेतल्या गजकर्णाला नुसत्या मलमाने बऱ्याचदा भागतं, मलम रक्तात फारसं उतरत नाही. पोटात घ्यायचंच झालं तर टर्बिनाफिनसारखा दुसरा पर्याय आहे, तो हे एन्झाइम दाबत नाही, पण यकृत बघूनच द्यावा लागतो. ते दोन्ही डॉक्टरांनी आपसात ठरवू दे.

उलट्या बाजूची औषधं मला जास्त घाबरवतात, कारण ती काही त्रास देत नाहीत. टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन, फिट येऊ नये म्हणून दिलेलं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन, ही औषधं तेच एन्झाइम वाढवतात आणि इमॅटिनिब झपाट्याने मोडून टाकतात. रिफाम्पिसिनबरोबर शरीराला मिळणारं इमॅटिनिब सुमारे तीन चतुर्थांशाने घटतं. रुग्ण म्हणतो, आता सूज नाही, गोळे नाहीत, मस्त वाटतंय. वाटणारच, औषध पोचतच नाही. पुढे कधी खोकला लांबला आणि टीबीचं औषध सुरू करायची वेळ आली, तर ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायची. घशाला किंवा छातीला अँटिबायोटिक लागलं तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही दोन नावं टाळायला सांगा. गुडघेदुखीला मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक आणून खायची सवय असेल तर तीही बंद. प्लेटलेट कमी असताना ही औषधं रक्तस्राव करतात.

म्हणून एक काम करा. आधार कार्डाएवढ्या कागदावर मराठीत ठळक लिहा: ‘मला सीएमएल आहे. इमॅटिनिब ४०० रोज. नवं औषध देण्याआधी या नंबरवर विचारा’, आणि खाली परळच्या विभागाचा नंबर. लॅमिनेट करून बाबांच्या पाकिटात ठेवा. तोंडाने सांगायची लाज वाटत असेल तर कागद पुढे करता येतो.

आता पपनस. मुंबईतले डॉक्टर ‘ग्रेपफ्रूट खाऊ नका’ असं सांगतात, बाबा मान डोलावतात, कारण देवगडात ग्रेपफ्रूट कोणी बघितलंय? पण परसातलं पपनस ग्रेपफ्रूटचं जवळचं नातेवाईक आहे. सीवायपी३ए४ दाबणारी तीच द्रव्यं त्यातही असतात. गणपतीपुढे ठेवा, आरास करा, इतरांनी खा, बाबांनी नको. ‘एकच फोड’ हासुद्धा सौदा नको, कारण एका वेळच्या फळाचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकू शकतो आणि गोळी रोजची आहे. संत्र्याला हरकत नाही. आंबा, फणस, कोकम, सोलकढी, ताजे मासे यांवर या गोळीमुळे कुठलंच बंधन येत नाही. बीपी असल्यामुळे आणि सुजेमुळे मिठावर मात्र येतं, त्याकडे वळतोच.

गुळवेलीबद्दल मला गावात बोलताना जपून बोलावं लागतं, इथे स्पष्ट लिहितो: बंद करा. कोविडच्या काळात लोकांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल भरपूर घेतली आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. इमॅटिनिबही यकृतावर ताण आणू शकतं. दोन्ही चालू असताना उद्या कावीळ झाली तर कुणामुळे झाली हे शोधण्यात वेळ जाईल आणि तोवर जी गोळी खरोखर लागते तीच थांबवावी लागेल. शेजाऱ्यांना दुखवायचं नसेल तर सांगा, ‘डॉक्टरांनी रक्त तपासेपर्यंत काही घेऊ नको म्हणून सांगितलंय.’ रक्त दर काही आठवड्यांनी तपासायचंच आहे, त्यामुळे हे खोटंही नाही.

मुख्य अडचण मात्र बाबांच्या त्या वाक्यात आहे. ‘माका काय होणा नाय’ हे खरंच आहे, आणि ते गोळीमुळे आहे. सीएमएलमध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचा एक बिघडलेला जनुक तयार होतो. त्यातून बनणारं प्रथिन पेशींना सतत ‘वाढा, वाढा’ असा हुकूम देत राहतं. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि हुकूम बंद पाडतं. पण जोवर बसलेलं आहे तोवरच. गोळीचा रक्तातला जोर साधारण १८ तासांत निम्म्यावर येतो, म्हणून ती रोज लागते. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी नॉर्मल दिसणं म्हणजे वरचं रान कापलं गेलं एवढंच. मुळं किती उरलीत ते रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणारी पीसीआर तपासणी सांगते.

चुकवण्याची किंमत किती, याचा एक जुना अभ्यास मी लोकांना आवर्जून सांगतो. लंडनच्या डॉक्टरांनी ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून तीन महिने किती गोळ्या खरंच घेतल्या जातात ते मोजलं. २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार अपेक्षित पातळीपर्यंत खाली जाण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४ टक्क्यांच्या वर होती. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांवर आली. महिन्याचा हिशेब केला तर ९० टक्के म्हणजे तीनच गोळ्या चुकणं. बाबा ‘मधूनमधून’ म्हणतात ते आठवड्याला एक जरी असलं तरी याच्या पलीकडे जातं.

यावर मला आत्तापर्यंत सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. गोळी घेतली की त्या तारखेच्या चौकोनात पेनाने खूण. त्याच चौकोनात सकाळचं वजन. मोबाइलचा गजर बाबा बंद करून विसरतील, पण संकष्टी कधी आहे ते बघायला कॅलेंडरसमोर उभे राहतीलच. तुम्ही गावी गेलात की खुणा मोजा, शिल्लक गोळ्या मोजा आणि ताळा जुळतो का बघा. ओरडू नका. ओरडल्यावर माणूस गोळी न घेता खूण करायला शिकतो.

चार महिने झालेत म्हणजे तीन महिन्यांची पीसीआर व्हायला हवी होती. झाली असेल तर आकडा मागून घ्या. बीसीआर-एबीएलच्या प्रमाणाची साधारण अपेक्षा अशी: तीन महिन्यांना १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांना १ टक्का किंवा त्याखाली, वर्षाला ०.१ टक्का किंवा त्याखाली. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर दोन लॅबच्या आकड्यांतला फरक आजाराचा की यंत्राचा ते कळत नाही. आकडा वर राहिला तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, ‘गोळ्या चुकल्या का?’ त्याचं उत्तर खरं द्या. बाबा ‘रोज घेतो’ म्हणाले तर औषध लागू पडत नाही असं समजून दुसरं, महागडं औषध सुरू होऊ शकतं.

गोळी कायमची बंद होतच नाही असंही नाही. इमॅटिनिब साधारण पाच वर्षं तरी झालेलं आणि त्यातली निदान दोन वर्षं आजार फार खोल दबलेला, अशा काही रुग्णांत ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून बघतात, आणि त्यानंतर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करावी लागते. बाबांना हे जरूर सांगा. ‘जन्मभर’ ऐकून माणूस चौथ्या महिन्यातच कंटाळतो.

घ्यायची कशी? दिवसाच्या मोठ्या जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत. सकाळच्या कोऱ्या चहावर नको. अन्नामुळे ती जास्त भिनते असं नाही, रिकाम्या पोटी ती जठराला झोंबते आणि मळमळ होते म्हणून. रात्री घेत असतील तर लगेच आडवं व्हायचं नाही, तासदीड तास तरी बसायचं. उपासाचं म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हे पोटभर जेवणच आहे, त्यावर गोळी खुशाल घ्यावी. निर्जळी उपास मात्र आता नको. माझ्याकडे येणारे रत्नागिरीतले काही मुसलमान रुग्ण रमझानात डॉक्टरांना विचारून गोळी इफ्तारनंतरच्या जेवणाबरोबर घेतात. दिवसातून एकदाच असल्यामुळे ते बसवता येतं.

दुपारची गोळी राहिली आणि संध्याकाळी आठवली तर खाऊन घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेलेली गेली, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. घेतल्यावर उलटी झाली तर पुन्हा घ्यायची नाही, पुढची ठरल्या वेळी. गिळायला जड जात असेल तर कुटू नका. ४०० ची गोळी साधारण २०० मिलीलिटर साध्या पाण्यात टाकून चमच्याने ढवळली की विरघळते, ती लगेच प्यायची आणि तळाशी राहिलेलं पुन्हा पाणी घालून घ्यायचं. घरात कुणी गरोदर असेल किंवा मूल हवं असेल तर तिने फुटलेल्या गोळीला किंवा त्या पेल्याला हात लावू नये. या औषधाने गर्भाला धोका असतो.

हे नियम इमॅटिनिबचे आहेत. ओपीडीच्या रांगेत शेजारी बसलेले काका वेगळं काही सांगतील आणि त्यांचंही बरोबर असेल. निलोटिनिब उपाशीपोटी घ्यायचं असतं, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं एर्लोटिनिबसुद्धा रिकाम्या पोटी. डॅसाटिनिब घेणाऱ्याने ॲसिडिटीची पँटोप्राझोल घेतली तर औषध नीट भिनत नाही. नावाच्या शेवटी ‘निब’ आहे एवढ्यावरून एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

आता त्रासाचं. सकाळी पापण्या सुजणं हा इमॅटिनिबचा अगदी ओळखीचा परिणाम आहे. बहुतेकांना त्यावर मीठ कमी करणं आणि डोक्याखाली एक उशी वाढवणं पुरतं. मीठ म्हटलं की लोक भाजीतलं बघतात. कोकणात ते असतं सुकटीत, खाऱ्या बांगड्यात, पापडात आणि कैरीच्या लोणच्यात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि सुकी मासळीच पानात येते, तेव्हा सूज वाढलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. सुकट भिजवून पाणी टाकून दिलं तरी पुरेसं मीठ निघत नाही. वजन चार-पाच दिवसांत दोन किलोने वाढलं, पाय सुजले, झोपल्यावर धाप लागली, तर थांबू नका. छातीत पाणी होत असू शकतं.

पोटऱ्यांतले गोळेही नेहमीचे. रात्री झोपताना पाय ताणणं, शेक, पुरेसं पाणी याने आराम पडतो. पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम बघायला सांगा. मूत्रपिंड ठीक असेल तर शहाळं प्यायला हरकत नाही, पण बीपीच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं, म्हणून आधी तपासणी आणि मग शहाळं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी आधीच सांगून ठेवतो. काही महिन्यांनी बाबांचा रंग उजळल्यासारखा दिसेल, किंवा चेहऱ्यावर फिकट चट्टे येतील. इमॅटिनिब त्वचेतल्या रंगपेशींना लागणारा एक संदेशही अडवतं, त्यामुळे सावळ्या कातडीवर हे ठळक दिसतं. गावात लगेच ‘कोड फुटला’ अशी कुजबूज सुरू होते. हे कोड नाही, ते कुणाला लागत नाही, आणि औषध कमी केलं की रंग बऱ्याच अंशी परततो. यापायी गोळी सोडलेली माणसं मला माहीत आहेत, म्हणून लिहिलं.

रक्ताचं सीबीसी पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, दुसऱ्या महिन्यात पंधरवड्याला आणि मग दोन-तीन महिन्यांनी करतात. ते कणकवलीतही होतं, त्यासाठी परळ गाठायला नको, रिपोर्टचा फोटो पाठवला की पुरे. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर डॉक्टर गोळी थोडे दिवस थांबवतात आणि पेशी वर आल्या की पुन्हा सुरू करतात. तो निर्णय त्यांचा.

पेशी कमी असताना ताप हा वेगळा विषय आहे. १००.४ फॅरनहाइटला किंवा त्यावर गेला तर त्याच दिवशी दवाखाना आणि सीबीसी. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्याला लेप्टो, डेंग्यू, मलेरिया सगळंच होऊ शकतं. पॅरासिटामॉलची एखादी गोळी चालते, पण ती खाऊन ताप झाकत दोन दिवस घरी पडून राहायचं नाही, आणि मोठ्या डोसात तर नकोच, कारण ओझं पुन्हा यकृतावरच. काळी शौच, हिरड्यांतून रक्त, डोळे पिवळे, अंगभर फोडांचं पुरळ, यापैकी काहीही दिसलं तरी तेच.

साठ्याचं बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा दुकानांतली औषधंसुद्धा गेली. घाटात दरड कोसळली किंवा कोकण रेल्वे बंद पडली की कुरिअर अडकतंच. जून ते सप्टेंबर घरात निदान पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या असाव्यात आणि चिठ्ठीची झेरॉक्सही. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका, दमट हवेत खराब होतात. चुलीजवळच्या फळीवर नको, फ्रीजमध्येही नको. झाकणबंद डब्यात, कपाटात वरच्या खणात ठेवा. पट्टी हातात आली की त्यावरचा आकडा वाचा. ही गोळी १०० ची आणि ४०० ची अशा दोन्ही ताकदींत मिळते, आणि दुकानात ४०० नसली म्हणून १०० ची पट्टी घेऊन रोज एकच खाणारा रुग्ण भेटला आहे.

स्वस्त कंपनीची घ्यावी का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची इमॅटिनिब बाजारात टिकली आणि हजारो घरांना परवडली. परळच्या डॉक्टरांनी लिहिलेली भारतीय गोळी निःशंकपणे घ्या, पक्कं बिल घ्या, आणि दर महिन्याला कंपनी बदलत बसू नका. उरलेल्या किंवा मुदत संपलेल्या गोळ्या संडासात किंवा परसात टाकायच्या नाहीत, शेजारीच विहीर असते. पुढच्या भेटीला परत नेऊन रुग्णालयाच्या औषध विभागात द्या.

राहता राहिली कोलेस्टेरॉलची गोळी, तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. सिम्वास्टॅटिन असेल तर इमॅटिनिबमुळे रक्तातली तिची पातळी दोन-तीन पटींनी वाढू शकते, ॲटोरवास्टॅटिनबाबतही सांभाळावं लागतं. अशा वेळी स्नायू दुखतात, आणि बाबांच्या पोटऱ्यांतले गोळे कदाचित तिचेही असतील. पट्टीचा फोटो मागवा आणि इट्राकोनॅझोलबद्दल फोन कराल तेव्हाच हेही विचारून घ्या. बीपीच्या गोळीचं नावही त्याच फोनवर सांगा.